कोण गं?

दुपारी वीज गेली. पंखा थांबला, फ्रिज एकदा खाकरून गप्प झाला आणि सगळ्यात शेवटी लक्षात आलं, की फिशटँकचा फिल्टरही बंद पडलाय. चोवीस तास चालणारी ती घुरघुर असते तेव्हा ऐकू येत नाही, नसली की कानात बसते. मी सोफ्यावर आडवी होऊन हातातल्या पेपरानं वारा घेत होते. तेवढ्यात टँकमधून आवाज आला, ‘टुप्’. पुन्हा सगळं सामसूम.

म्हटलं, आले. श्वास घेऊन गेलेसुद्धा.

रागावले की मी अहोजाहो करते, आणि या माशावर माझा राग जुना आहे. सेनेगल बिचिर त्याचं नाव. मूळचा आफ्रिकेतल्या नद्या-दलदलींमधला. सव्वा वीत लांब, राखाडी, अंगानं सापासारखा आणि तोंडानं पालीच्या थोरल्या बहिणीसारखा. पाठीवर एक सलग पर असायचा, तर त्याचे तुकडे होऊन नऊ-दहा निशाणं लावल्यासारखी ओळ झालीय. पुढचे दोन पर मात्र मांसल, वल्ह्यासारखे. त्यांच्यावर कोपर टेकून बसल्यासारखा तो दिवसभर तळाच्या वाळूवर पडून असतो. हौस लेकाची, उस्तवार माझी. लेक शिकायला बाहेर गेला, मासा राहिला. लेकानं त्याला नाव काही ठेवलं नव्हतं. नावं घरातल्या बाकी सगळ्यांनी ठेवली.

तो घरी आला तेव्हा बोटाएवढा होता. देणाऱ्यानं सांगितलं होतं, “तळाशी राहतो, उरलंसुरलं खातो, टँक साफ ठेवतो.” तळाशी राहणारा प्रत्येकजण झाडलोटीलाच आलाय, असं आपण का धरून चालतो कोण जाणे. मीही धरून चालले. टँकमध्ये तेव्हा अकरा निऑन टेट्रा होते. निळ्या-लाल पट्ट्यांचे, इवलेसे, सगळे मिळून एकदम वळणारे. दोनेक महिन्यांनी वाटलं, अरे, हे कमी दिसतायत. मोजले तर नऊ. पुन्हा मोजले तर दहा. तिसऱ्यांदा आठ.

हलणारे मासे मोजून बघा एकदा. मी तीनदा मोजायची आणि सगळ्यात मोठा आकडा खरा मानायची. त्या आठवड्यापासून मला जी मोजायची खोड लागली ती अजून गेलेली नाही. चमचे मोजते, वाळत घातलेले मोजे मोजते, पाहुणे आले की मनातल्या मनात डोकी मोजते. पाहुण्यांचा आकडा अजून तरी जुळत आलाय.

टेट्रांचा शेवटी चारवर आला. तोवर हे दिवसभर डोळे मिटल्यासारखे पडून. टेट्रा नाकासमोरून जायचे, पाठीवरून जायचे, यांची मान वळायची नाही. उगाच आळ नको म्हणून एका रात्री अडीच वाजता मोबाइलच्या उजेडात जाऊन बसले. टेट्रांचा रंग रात्री उतरतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. निळी पट्टी विझलेली, अंग फिकट, झाडाच्या आडोशाला खाली जागच्या जागी तरंगत होते बिचारे. आणि हे निघाले होते. दिवसभर ज्यांना कूस बदलायचा कंटाळा, ते वाळूवरून एकेक पर टाकत, काचेच्या कडेकडेनं, रखवालदारासारखे गस्त घालत होते. पुढचं मी पाहिलं असंही म्हणता येत नाही. एक टेट्रा होता आणि मग नव्हता. झडप नाही, झटापट नाही. तोंड उघडलं, पाणी आत गेलं, पाण्याबरोबर तोही गेला. गळा एकदा हलला आणि गस्त पुढे चालू.

लेकाला सांगितलं तर म्हणाला, “आई, तोंडात मावेल ते त्याचं जेवण. त्यात त्याचा काय दोष?” म्हणजे मोजण्यात मीच चुकले होते, फक्त टेट्रा मोजण्यात नव्हे. उरलेले चार दुसऱ्या घरी पाठवले. आता याच्या सोबतीला त्याच्या तोंडात मावणार नाहीत असे तीन रुंद मासे आहेत. तरी सकाळी उठल्यावर ते तीन मी मोजतेच.

याला दिसतं फार कमी, हे त्याला खायला घालताना कळतं. सोललेल्या कोळंबीचा तुकडा अगदी तोंडापुढे सोडावा, तर हा त्याच्यावरून चालत पुढे जातो. चार बोटं गेल्यावर थांबतो. नाकाच्या टोकाला दोन बारीक नळ्या आहेत, मिशा कापून दोनच ठेवाव्यात तशा. वास त्यांना लागतो. मग हा मागे सरतो. हो, मागे, गाडी पार्क करणाऱ्यासारखा. डावीकडे हुंगतो, उजवीकडे हुंगतो, तुकड्याला पोट घासतं तरी पत्ता नाही. माझा जीव खालीवर होतो, “अरे, तिथेच आहे!” असं काचेला नाक लावून मी ओरडते. शेवटी नळी तुकड्याला टेकते. त्यापुढे मात्र चूक नाही.

त्या हुंगण्यावरून मला आजोबा आठवतात. मेल्या माणसाची तुलना माशाशी करू नये, पण आठवतात ते आठवतात.

आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दुपारी ते मधल्या खोलीत आरामखुर्चीत पडून असायचे, छातीवर उघडा पेपर. वाचता येत नसे, पण पेपर लागायचा. आम्हा पोरांना मागच्या अंगणात पळायचं तर वाट त्या खोलीतूनच. दुपारी बाहेर पडायचं नाही हा नियम, आणि नियमावर आजोबा बसलेले. डोळे मिटलेले, घोरणं चालू. आम्ही श्वास रोखून, भिंतीला पाठ घासत निघायचो. निम्म्या वाटेवर गेलं, की घोरणं न मोडता आवाज यायचा, “कोण रे?” चुलतभाऊ असला की ‘कोण रे’, मी असले की ‘कोण गं’. एकदाही चुकले नाहीत. आम्ही अनवाणी गेलो, मोजे घालून गेलो, रांगत गेलो. एकदा तर मी चुलतभावाच्या चपला घातल्या आणि मुद्दाम त्याच्यासारखी फताडे पाय टाकत निघाले. आजोबा म्हणाले, “कोण गं, त्याच्या चपला घालून?”

त्यांना आम्ही कशावरून कळायचो, ते विचारायचं राहून गेलं.

तर बिचिर. माशाचा राग आला, की मी त्याच्याबद्दल वाचते. राग जात नाही, पण वेळ जातो. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेबरोबर गेलेल्या जॉफ्र्वा सँ-इलेर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं नाईल नदीतल्या याच्या एका भाऊबंदाचं वर्णन 1802 साली छापलं आणि या कुळाला ‘पॉलिप्टेरस’ म्हटलं. पुष्कळ परांचा, एवढाच अर्थ. कल्ले आहेतच, वर पोटात फुप्फुसांची जोडी, उजवं लांब आणि डावं आखूड. अंगावरचे खवले इतके ताठ, की श्वास सोडताना दबलेलं अंग स्प्रिंगसारखं मूळ जागी येतं आणि त्या ओढीनंच हवा आत घेतली जाते. डोक्यावरही दोन बारीक छिद्रं आहेत, आजूबाजूला निवांत असलं की त्यांतूनही हा हवा घेतो. म्हणजे वर येऊन तोंड दाखवायचेसुद्धा कष्ट नकोत.

या फुप्फुसांची प्रचीती मला एका पहाटे आली. टँकच्या झाकणाला वायर आत सोडण्यापुरती एक फट होती. पहाटे पाणी प्यायला उठले, तर चपलांच्या कपाटापाशी धुळीत गुंडाळलेलं काहीतरी पडलेलं. आधी वाटलं, फरशी पुसायचं फडकं. उचलायला गेले तर फडक्यानं पर हलवला. मी किंचाळले, नवरा धावत आला आणि फडकं आपलं माझ्याकडे बघत, म्हणजे न बघत, पडलेलं. ओल्या टॉवेलात धरून टँकमध्ये सोडलं. अंगावरची धूळ पाण्यात पसरली, हा तळाशी जाऊन बसला, जणू काही झालंच नाही. संध्याकाळी जेवला.

पुढे कळलं, की कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी याच जातीची पिल्लं आठ महिने मुद्दाम जमिनीवर वाढवली होती. पाणी जेमतेम अंग ओलं राहण्यापुरतं. 2014 साली त्यांनी छापलं, की ही पिल्लं पाण्यात वाढलेल्यांपेक्षा नीट चालायला शिकली. डोकं उंच, पर अंगाजवळ, घसरणं कमी. त्यांच्या हाडांचा घाटसुद्धा बदलला. पहिला चौपाया पाण्यातून बाहेर कसा आला असेल, ते यावरून ताडायचं. आमचा चपलांच्या कपाटापर्यंत आला होता. मी वायरच्या फटीत स्पंज कोंबला. जीवसृष्टीची प्रगती आमच्या घरापुरती तिथे थांबली.

अशा माशासाठी माणसं जीव टाकतात हे मात्र मला तेव्हा माहीत नव्हतं. बजेट नावाचा एक इंग्रज होता. बिचिरचं अंड्यापासून पिल्लू कसं होतं, ते कोणी पाहिलं नव्हतं. ते बघायला तो आफ्रिकेत चार वेळा गेला. चौथ्या खेपेला फलित अंडी मिळाली. परत आला आणि तिकडून आणलेल्या तापानं 1904 च्या जानेवारीत वारला. एकतीस वर्षांचा होता. अंडी दुसऱ्यांनी अभ्यासली.

लेकाचा फोन आला की पहिला प्रश्न, “तो कसा आहे?” मी म्हणते, झोपलाय. हे उत्तर माझ्या तोंडात इतकं तयार कसं असतं, याचा विचार आजच, वीज गेल्यावर केला.

दुपारची भांडी आवरली की आई मला सांगायची, “जा, आजोबा झोपलेत का बघून ये.” मला वाटायचं, त्यांच्या चहाची वेळ साधायची असेल. मी दाराशी उभी राहून त्यांच्या छातीवरच्या पेपराकडे बघायची. पेपराचा कोपरा वर जायचा, थांबायचा, खाली यायचा. कधी कधी फार वेळ थांबायचा. मग मी पळत येऊन सांगायची, “झोपलेत.” आई हातातलं काम पुढे चालू करायची. ती नक्की काय बघायला पाठवत होती, ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

एका दुपारी अंगणात खेळ रंगला होता आणि मला घाई होती. मी मधल्या खोलीतून सरळ, मधून, धाडधाड पाय वाजवत गेले. आजोबा ‘कोण गं’ म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी जिंकले होते. अंगणात जाऊन सगळ्यांना ते सांगितलंही. आईनं आतून विचारलं, तर खेळता खेळताच ओरडले, “झोपलेत!”

वीज अजून आलेली नाही. टँकमधले तीन रुंद मासे पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंडं मिटउघड करतायत. तळाशी त्याची हालचाल नाही. मघाचं ‘टुप्’ होऊन बराच वेळ झाला. तसा तो कधी दहा मिनिटांनी येतो, कधी अर्ध्या तासानं, त्याचं काही ठरलेलं नाही. मी वारा घ्यायचं थांबवलंय, पेपराचा आवाज होतो म्हणून.