सबची घरघर सापडली, आणि ती ड्रायव्हरची नव्हती

मंडळी, मागच्या वेळी घरी बांधलेला सब (सबवूफर, खालचे जड सूर वाजवणारा स्पीकर) ४३ हर्ट्झच्या आसपास घरघरतोय एवढं सांगून थांबलो होतो. बहुतेकांचा सल्ला होता, ड्रायव्हर (खोक्यात बसवलेला, कोन हलवून आवाज काढणारा प्रत्यक्ष स्पीकर) बदलून घे. बदलला नाही तेच बरं झालं. घरघर पूर्ण गेली आहे आणि कारण असं निघालं की सविस्तर लिहायलाच हवं. बजेटमध्ये प्लायची खोकी बांधणाऱ्या कुणाच्याही वाट्याला ते येऊ शकतं.

सेटअप तोच आहे: १० इंची वूफर, ६० लिटरचं खोकं, ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपचा ३५ सेंमी पोर्ट (खोक्यातली हवा आत-बाहेर नेणारी नळी), १८ मिमी प्लाय, टीपीए३२५५ चा अँप्लिफायर बोर्ड आणि ३६ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठा). खर्च अजून १२ हजारांच्या आत आहे.

आधी गोड बातमी. १०० ओमचा रेझिस्टर आणि साउंडकार्ड वापरून आरईडब्ल्यू या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पिडन्सचा (ड्रायव्हरच्या विद्युत विरोधाचा) ग्राफ काढला. दोन शिखरांमधली दरी, म्हणजे पोर्टचं ट्यूनिंग, बरोबर ३१ हर्ट्झला आली. खोक्याचं गणित करणाऱ्या विनआयएसडी सॉफ्टवेअरने सांगितलं होतं तेही ३१च. हाताने कापलेला प्लंबिंगचा पाइप कागदावरच्या आकड्यावर असा चपखल बसलेला पाहून जो आनंद झाला, तो कुठल्याही विकतच्या सबने दिला नसता. स्क्रीनशॉट काढून घरातल्या सगळ्यांना दाखवला.

आता घरघरीकडे. ४१ ते ४६ हर्ट्झच्या पट्ट्यात आवाज थोडा वाढवला की कोरडी, कागद थरथरल्यासारखी घर्र यायची. त्याखाली आणि त्यावर सगळं स्वच्छ. पट्टा इतका अरुंद असल्यामुळेच संशय चुकीच्या जागी जात राहिला.

पहिला संशय ड्रायव्हरवर, आणि त्याला कारणही होतं. पोर्टेड खोक्यात ट्यूनिंगच्या फ्रिक्वेन्सीला कोन जवळपास स्थिर असतो, काम पोर्ट करतो. ट्यूनिंगच्या जरा वर गेलं की कोनची हालचाल पुन्हा वाढते. आपलं ट्यूनिंग ३१ आहे आणि विनआयएसडीत एक्स्कर्शनचा (कोनच्या हालचालीचा) उंचवटा दिसतो ४३-४४ ला. म्हणजे घरघर नेमकी तिथेच, जिथे ट्यूनिंगच्या वर कोन सर्वात जास्त हलतो. व्हॉइस कॉइल घासत असेल किंवा कोनकडे जाणारी वेणीची वायर स्पायडरवर (कोनला मागून मधोमध धरणाऱ्या लवचिक चकतीवर) आपटत असेल, असंच कुणालाही वाटेल. ड्रायव्हर बाहेर काढला, दोन उशांच्या मधे उभा धरला आणि ४३ हर्ट्झला तेवढाच हलेल इतका सिग्नल दिला. एकदम शांत. कोन बोटांनी सरळ आत दाबून पाहिला, घासण्याचा मागमूस नाही. ड्रायव्हर सुटला.

दुसरा संशय खोलीवर. माझी खोली लांबीला १३ फूट, म्हणजे ३.९६ मीटर. आवाजाचा वेग ३४३ भागिले लांबीची दुप्पट ७.९२ केलं की उत्तर येतं ४३.३. खोलीचा पहिला मोड (ज्या फ्रिक्वेन्सीला आवाज समोरासमोरच्या भिंतींमधे घुमतो) बरोबर त्याच जागी! इथे मी जवळपास खात्रीने म्हणत होतो की माळ्यावरचे डबे किंवा खिडकीचं स्लायडिंग वाजतंय. माळा रिकामा केला, खिडकीच्या फटींत कागदाच्या घड्या खोचल्या. फरक शून्य. मग पावसाने उघडीप दिलेली पाहून शेजारच्या मुलाच्या मदतीने सब गच्चीवर नेला. गच्चीवर समोरासमोरच्या भिंती नाहीत, त्यामुळे तो मोड नाही. घर्र मात्र होती. आसपास ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की या दिवसांत संध्याकाळी पुण्यात मोजमापाचं नावच काढायला नको, म्हणून हे सगळं सकाळी सातच्या आत.

तिसरा संशय हवेच्या गळतीवर. यासाठी उदबत्तीसारखं दुसरं साधन नाही. खोक्यात ३५ हर्ट्झ चालू ठेवायचा आणि पेटती उदबत्ती प्रत्येक सांध्यावरून हळूहळू फिरवायची. हवा गळत असेल तिथे धुराची रेघ तुटते. टर्मिनलच्या प्लेटपाशी थोडी तुटली. तिथे फोमची पट्टी लावली, गळती बंद झाली. घर्र तशीच.

त्यानंतर केलेली गोष्ट अगदी साधी आहे. ४३ हर्ट्झ चालू ठेवला आणि तळहाताने खोक्याची एकेक बाजू दाबत गेलो. पाठ, वरची फळी, दोन्ही बाजू, काही नाही. बॅफलवर, म्हणजे पुढच्या फळीवर, ड्रायव्हर आणि पोर्टच्या मधे हात दाबला आणि घर्र बंद. हात उचलला, चालू. दाबला, बंद. ते क्षणभर कळेचना, कारण त्या जागी बाहेरून ना सांधा, ना स्क्रू, ना तडा.

आमच्या ओळखीच्या सुतारमामांना बोलावलं. त्यांनी पटाशीच्या लाकडी मुठीने बॅफलवर ठोकत ठोकत मूठ सरकवली. टक, टक, टक, आणि एका जागी आवाज पडला. "दादा, इथं कोअर, मधला थर, बसलेलाच नाही. आत पोकळ आहे." पेन्सिलने त्यांनी पोकळीची हद्द आखली: दोन बोटं रुंद, वीतभर लांब. ड्रायव्हरच्या कटआउटच्या कडेपासून ती दीड इंच आत सुरू होत होती, म्हणून कापलेल्या कडेला काहीच दिसलं नव्हतं.

मग सगळं जुळलं. कोन पुढे जाताना ड्रायव्हरच्या चौकटीला तेवढ्याच जोराने मागे रेटतो, आणि ती चौकट बॅफलवर स्क्रूंनी कसलेली असते. ४३ ला हा रेटा एवढा होता की पोकळीवरचा सुटा थर खालच्या थरावर आपटत होता. आरईडब्ल्यूमध्ये माइक बॅफलच्या जवळ नेऊन पाहिल्यावर ते दिसतंही होतं: ४३ चा सुळका, आणि दूर ४०० ते ९०० हर्ट्झच्या भागात बारीक सुळक्यांची रांग. दुसरा-तिसरा हार्मोनिक (४३ च्या दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीचा सूर) वाढलेला असता तर ड्रायव्हरवर शंका घ्यायला जागा होती. दहाव्याच्या पुढचे उभे राहिले की काहीतरी आपटतंय किंवा घासतंय असं समजावं. यापुढे सर्वात आधी हाच ग्राफ काढणार.

प्लाय घेताना दुकानदाराने 'गॅप-फ्री' म्हणून दिला होता. परत विचारल्यावर उत्तर आलं, कापलेली शीट आम्ही बघत नाही. मला हे अजिबात पटलेलं नाही. पोकळी शीट कापल्याशिवाय दिसत नाही, आणि कापल्यावर जबाबदारी ग्राहकाची, मग 'गॅप-फ्री' शब्दाला किंमत काय? आयएस ७१०चा (मरीन प्लायचा) शिक्का असो वा ३०३चा (साध्या प्लायचा), शीट आडवी टाकून इंचाइंचावर ठोकून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानदार कंटाळला तरी चालेल. बॅफलपुरता तर मी आता एमडीएफच म्हणेन. जड असतं, पुण्याच्या पावसाळ्यात कडा उघड्या राहिल्या तर फुगतं, पण आतून एकसारखं असतं. कडांना फेविकॉल पाण्यात पातळ करून दोन हात दिले की फुगण्याची काळजी बरीच कमी होते.

दुरुस्ती अशी केली. खोकं बॅफल वर करून आडवं ठेवलं. पेन्सिलच्या हद्दीत ३ मिमीची भोकं पाडली, खोलीसाठी ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळली होती. बोहरी आळीतून सावकाश सुकणारं इपॉक्सी आणलं (पाच मिनिटांत घट्ट होणारं इथे उपयोगाचं नाही), हेअर ड्रायरने कोमट करून पातळ केलं आणि मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजने एका टोकाच्या भोकातून सोडत गेलो. थोड्या वेळाने शेजारच्या भोकातून बुडबुडा वर आला, फुटला, आणि त्यामागून रेझिन. मग त्याच्या पुढच्या भोकातून. बरंच आत गेलं. एवढी पोकळी त्या फळीत होती! वर प्लॅस्टिक, त्यावर लाकडी ठोकळा, त्यावर क्लॅम्प, आणि रात्रभर हात लावायचा नाही.

सकाळी ४३ लावला. काहीच नाही, फक्त ४३. आवाज वाढवला, स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) दिला, खिडकी थरथरली, खोकं गप्प. आधी ते वरचे हार्मोनिक मूळ सुळक्यापेक्षा ३८ डीबी खाली होते, आता ६० च्याही खाली, म्हणजे खोलीच्या गोंगाटात बुडालेले. मग पखवाजावरचा एक अभंग लावला. डाव्या पुडीची थाप पहिल्यांदा अशी ऐकू आली की तिला वजन आहे आणि शेवटही आहे. आधी तिच्या शेपटीला कायम काहीतरी चिकटलेलं असायचं.

सबच्या जोडीच्या बुकशेल्फ स्पीकरबद्दल थोडक्यात. २० सेंमीच्या बॅफलचा स्टेप (ज्या फ्रिक्वेन्सीखाली आवाज बॅफलच्या मागेही पसरून पुढे कमी पडतो) ५७५ हर्ट्झच्या आसपास धरून क्रॉसओव्हरमधल्या (स्पीकरांत सूर वाटणाऱ्या सर्किटमधल्या) कॉइलची व्हॅल्यू वाढवली. तपकीर गल्लीतून आणलेल्या १ मिमी तारेच्या एअर-कोअर कॉइल स्वतः गुंडाळल्या. तंबोऱ्याच्या रेकॉर्डिंगवर मधला भाग आता बोचत नाही. ट्वीटरला पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर लावा, तिथे काटकसर नको. वूफरच्या शंटला (समांतर जोडणीला) नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक पुरतो.

पुढचा बेत होता एडीएयू१७०१ या डीएसपी (डिजिटल फिल्टरच्या) चिपवर ८० हर्ट्झला २४ डीबी प्रति ऑक्टेव्हचा क्रॉसओव्हर आणि २५ ला हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) लावून हा सब संपवायचा. ट्यूनिंगच्या खाली कोनला आवर राहत नाही, त्यामुळे हाय-पास लागणारच. पण हे लिहितानाच डोक्यात आलं, रेट्यानेच सगळं घडलं तर रेटाच का ठेवायचा? एकाच खोक्यात समोरासमोरच्या बाजूंना दोन ८ इंची, दोन्ही एकाच वेळी बाहेर, एकाच वेळी आत. एकाचा रेटा दुसरा खाऊन टाकतो, खोकं जागच्या जागी. दोन ८ इंचींचं कोनचं क्षेत्रफळ साधारण ४३० चौ.सेंमी, एका १० इंचीच्या साडेतीनशेपेक्षा जास्तच. ४० लिटर सीलबंद खोकं आणि खालचा भाग डीएसपीत लिंकविट्झ ट्रान्सफॉर्म या फिल्टरने उचलायचा. अँप आहे तोच पुरेल का, हे आज रात्री विनआयएसडीत बघतो.

तोवर हा सब असाच चालेल, डीएसपी या आठवड्यात बसवतो. कुणी बजेटमधल्या ८ इंचींचे टी/एस पॅरामीटर (ड्रायव्हरच्या गुणधर्मांचे आकडे) स्वतः मोजले असतील तर जरूर कळवा, डेटाशीटवरचे नकोत. मला एफएस (रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी) आणि क्यूटीएस (तो रेझोनन्स किती आवरलेला आहे याचा आकडा) हवे आहेत, आणि जोडीतल्या दोन नगांमध्ये किती फरक पडला तेही.