डोंबिवली ते इमॅजिका, एकटी, लोकल आणि एसटीनं – माझा अनुभव (आणि त्या दोन सीटची भानगड)

इमॅजिकाला (खोपोलीजवळचं राइड्सचं पार्क) एकटी जाऊन आले त्याला आता महिना होत आला, पण निघायच्या आधी एका पॅकेजवाल्या ट्रॅव्हल कंपनीनं मला जे लटकवलं त्याचा राग अजून डोक्यात आहे, म्हणून सगळं लिहून काढतेय. कुणी एकट्यानं जायचं ठरवत असेल तर माझ्यासारखा मनस्ताप तरी होऊ नये.

आमच्या कॉलेजच्या ग्रूपवर हा प्लॅन दर डिसेंबरला निघतो. कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाला रजा नाही, कुणाकडे पाहुणे. पार्क 2013 ला उघडलं तेव्हा आम्ही सगळ्या नोकरीला नवीन होतो, तेव्हापासून "जाऊया गं" चालूच आहे. मला तिथल्या नायट्रो रोलर कोस्टरमध्ये बसायचं होतं, बस, एवढंच होतं. शेवटी जानेवारीतला एक गुरुवार बघितला, रजा टाकली आणि घरी सांगितलं मी एकटी जाणार. आई पहिल्यांदा "एकटीच?" म्हणाली, मग म्हणाली डबा देऊ का. (बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे डबा मी जाताना लोकलमध्येच खाल्ला. पोट भरून जा, आत सगळं महाग आहे.)

चूक अशी झाली की मला वाटलं बसचं पॅकेज घेतलं की डोक्याला ताप नाही. कल्याणहून पिकअप, पार्कचं तिकीट, परत आणून सोडणार. वेबसाइटवर गेले, तारीख निवडली, प्रवासी किती याच्या रकान्यात गेले तर आकडे 2 पासून सुरू. 2, 3, 4, असं 10 पर्यंत. एक नाहीच. मला वाटलं मोबाईलवर नीट दिसत नसेल म्हणून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडलं, तिथेही तेच.

फोन केला. पहिला माणूस म्हणाला सिस्टिम एक सीट घेत नाही, तुम्ही दोन भरा आणि एकट्या या. म्हणजे पार्कची दोन तिकिटं, बसच्या दोन सीटा, सगळं डबल. मी म्हटलं ते शक्य नाही, तर म्हणाला मग मेल टाका, मॅनेजरचं अप्रूव्हल लागेल. मेल टाकला. दोन दिवस काही नाही. परत फोन, यावेळी दुसरीच मुलगी, तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, ती म्हणाली "मॅडम फॅमिली नाही का सोबत?" मी म्हटलं नाही. तर म्हणे एकट्या लेडीज असतील तर घरच्या माणसाचा नंबर आणि त्यांची परवानगी मेलवर लागेल.

ह्या वाक्यावर मी खरंच फोन कानापासून लांब धरून बघत राहिले. मी 36 वर्षांची आहे, 12 वर्षं अकाउंट्समध्ये काम करतेय, ऑडिटसाठी एकटी नागपूरला जाते, हॉटेलात राहते, काम करून परत येते, तिथे कुणी माझ्या घरच्यांची परवानगी मागत नाही. आणि इथे दिवसाढवळ्या पार्कला जायला परवानगी? मी तिला शांतपणे सांगितलं की नंबर इमर्जन्सीसाठी म्हणून भावाचा देते, परवानगीचा मेल येणार नाही, आणि हा नियम कुठे लिहिलाय ते मला लेखी पाठवा. लेखी काही आलं नाही, पण परवानगीचा विषयही परत निघाला नाही. हे लक्षात ठेवा, कुणी तोंडी नियम सांगितला की लेखी मागायचं.

सहाव्या दिवशी अप्रूव्हल आलं. सोबत 400 रुपये जास्तीचे, "सिंगल ऑक्युपन्सी चार्ज". ऑक्युपन्सी हॉटेलच्या खोलीला असते, बसच्या सीटवर एकच माणूस बसतो ना? विचारलं तर पॉलिसी आहे. तोपर्यंत रजा मंजूर झालेली होती, मला जायचंच होतं, भरले पैसे. आज वाटतं तिथेच सोडून द्यायला हवं होतं.

बुधवारी रात्री 9:50 ला मेसेज. पिकअप पॉइंट बदलला आहे, कल्याणऐवजी ऐरोली, सकाळी 6:15. फोन लावला तर तिसरा माणूस, तो म्हणाला, "मॅडम, कल्याण पिकअपला तुम्ही एकट्याच आहात, एकासाठी गाडी आत घ्यायला परवडत नाही, तुम्ही ऐरोलीला या." पहाटे सव्वासहाला डोंबिवलीहून ऐरोलीला मी कशी येणार ते सांगा म्हटलं, तर म्हणे रिक्षा मिळेल. मी म्हटलं मग कॅन्सल करा आणि पैसे परत द्या. तर नाही, 24 तासांच्या आत कॅन्सल केलं तर रिफंड नाही, आणि आला नाहीत तर नो-शो. पिकअप त्यांनी बदलला, रात्री दहाला कळवलं, आणि नो-शो मी!

अकरा दिवस. फोन, मेल, जादाचे 400, आणि शेवटी हे. मी तसाच फोन ठेवला, डोळ्यांत पाणी आलं होतं रागानं. आई दारातून बघत होती, म्हणाली, "लोकल नाही का जात खोपोलीला?"

जाते की. थेट जाते.

त्या रात्री मी दोनच गोष्टी केल्या. एक, मेल लिहिला की पिकअप तुम्ही बदललात, मी येत नाही, पूर्ण रिफंड द्या, आणि आधीचे सगळे मेसेज स्क्रीनशॉट काढून जोडले. दोन, पार्कच्या स्वतःच्या साइटवर जाऊन उद्याचं तिकीट काढलं. तिथे आकडा 1 होता. तीन मिनिटांत काम झालं, आणि मी हे अकरा दिवस आधी का केलं नाही ह्याचंच वाईट वाटत राहिलं. तेव्हा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला हाच, पार्कचं तिकीट वेगळं काढा, प्रवास वेगळा करा, दोन्ही एकाच माणसाच्या हातात देऊ नका.

आता प्रवास, त्यात सांगण्यासारखं फार नाही कारण सगळं सरळ झालं. एम-इंडिकेटर अ‍ॅपवर खोपोली लोकलच्या वेळा बघितल्या. थेट खोपोली लोकल दिवसात मोजक्याच आहेत, नाहीतर कर्जतला उतरून खोपोलीची गाडी पकडायची. मी थेटच पकडली. सकाळची गर्दी सगळी मुंबईकडे, आपण उलट दिशेला, लेडीज डब्यात खिडकी मिळाली. डोंबिवली स्टेशनच्या तिकीट खिडकीवर मी म्हटलं "एक खोपोली, रिटर्न", आणि त्यानं मान वर न करता एक तिकीट दिलं. एक म्हटलं की एक. अकरा दिवसांनंतर ते कागदाचं तिकीट हातात घेऊन मला इतकं बरं वाटलं की मी ते अजून पर्समध्ये ठेवलंय.

कर्जत सोडलं की पळसदरीपासून पुण्याची लाइन घाटाकडे जाते आणि आपली गाडी केळवली, डोलवली, लौजी करत खोपोलीला. ही खोपोलीपर्यंतची लाइन 1856 ची आहे, बोरघाटातून रेल्वे जायच्या आधीची, तेव्हा लोक खोपोलीला उतरून घाट चढून पुण्याकडे जायचे. सकाळच्या उन्हात डोंगर अगदी जवळ दिसतो, फोन खाली ठेवा थोडा वेळ.

खोपोलीला स्टेशनबाहेर रिक्षावाले लगेच विचारतात, पण पूर्ण रिक्षाचे पैसे सांगतात, शेअर म्हटलं तर "तीन सीट झाल्या की". परत तोच हिशोब! मी विचारत विचारत एसटी स्टँडवर गेले आणि पालीची गाडी पकडली, खोपोली-पाली रस्त्यावरच पार्क आहे. बल्लाळेश्वराला निघालेल्या आजीबाई शेजारी होत्या. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे भाडं किरकोळच. कंडक्टरना सांगून ठेवलं, त्यांनी फाट्याजवळ उतरवलं आणि मी न विचारताच म्हणाले, "ताई, परत जायच्या गाड्या लिहून घ्या," आणि तीन गाड्यांच्या वेळा सांगितल्या. मी तिकिटाच्या मागे पेनानं लिहिल्या. हे प्रत्येकानं करावं, संध्याकाळी पार्कबाहेर उभं राहून शोधत बसण्यापेक्षा सकाळीच विचारून ठेवायचं.

आत गेल्यावर सरळ नायट्रो. एकट्या माणसाची खरी अडचण बॅग, ती धरायला कुणी नसतं, म्हणून आल्या आल्या लॉकर घ्या आणि अंगावर चेनवाला खिसा असलेलं काहीतरी घाला. नायट्रोच्या एका ओळीत चार सीटा असतात. माझ्यापुढे तिघींचा ग्रूप होता, चौथी सीट रिकामी, तर तिथला मुलगा रांगेकडे बघून ओरडला, "एक जण कोण आहे? सिंगल कोणी?" मी हात वर केला आणि बारा-पंधरा माणसांना ओलांडून पुढे गेले. पायाखाली फळी नाही, चपला आधीच काढून ठेवायला लावतात, ती सीट वर चढताना माझे पाय नुसते हवेत लोंबत होते, लांब डोंगर दिसत होता, आणि शेजारच्या अनोळखी मुलीनं माझा हात घट्ट धरला. पहिला उतार आला तेव्हा मी जी किंचाळले ती बुधवारच्या रात्रीपासूनची सगळी किंचाळले. नायट्रो तीनदा केली, तिन्ही वेळा एकटी असल्यामुळे नंबर लवकर लागला.

राजासौरसची पाण्याची राइड दुपारी उन्हात करा, मी चारच्या पुढे केली आणि ओल्या कपड्यांत परतीच्या लोकलच्या वाऱ्यात कुडकुडले, एक जास्तीचा टीशर्ट न्या. डीप स्पेस अंधारातली आहे, चष्मा असेल तर दोरी लावून घ्या. पॉवर बँक तर हवीच, पार्कचं तिकीट फोनमध्ये असतं. आणि निघताना शेवटच्या राइडचा मोह सोडा, खोपोलीहून एक लोकल चुकली की पुढचीला तास-दीड तास जाऊ शकतो, मी पावणेसहालाच बाहेर पडले, तिकिटामागच्या दुसऱ्या वेळेची एसटी मिळाली, नऊच्या आत घरी. कर्जतला गाडी थांबली तेव्हा दिवाडकरांचे दोन वडे घेतले, एक आईला.

रिफंडचं राहिलंच. त्यांचं उत्तर आलं, नो-शो, पैसे मिळणार नाहीत. मग मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन केला, मराठीत बोलता येतं, तक्रारीचा नंबर देतात, कागदपत्रं तुमच्याकडे तयार पाहिजेत. माझे स्क्रीनशॉट तारखेवार होते, रात्री 9:50 चा मेसेज सगळ्यात वर. तेविसाव्या दिवशी पैसे खात्यात आले, ते 400 सुद्धा. फक्त 118 रुपये कन्व्हिनियन्स फी कापली आहे. घरचे म्हणतात 118 साठी आता कशाला. मी तक्रार बंद करायला हो म्हटलेलं नाही, सोमवारी लंच टाइममध्ये परत फोन करणार आहे.