धोटा तारकासमूह : या हिवाळ्यातली प्रगती

धोट्याचं काम या हिवाळ्यात बरंच पुढे सरकलं. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी एक काल्पनिक तारकासमूह रचतोय, आणि त्यात नांदणारी एक परकी संस्कृतीही. आकार महेश्वरच्या मागावरच्या धोट्याचा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी साधनाचा : दोन्ही टोकं निमुळती, मधे फुगीर. आम्ही इंदूरचे. अहिल्याबाईंचं महेश्वर आमच्या घरच्या बोलण्यात रोज असतं, त्यामुळे आभाळात आपलं काही काढायचं म्हटल्यावर मला धोटाच सुचला.

सुरुवातीला ठरवायचं होतं ते एवढंच, की तारेही कल्पनेतले घ्यायचे की खरे. मी खरे घेतले. आकाशात रिकामी जागा अशी उरलेलीच नाही. १९२२ साली ८८ तारकासमूहांची यादी पक्की झाली आणि १९३० साली देल्पोर्त या बेल्जियन खगोलज्ञाने आखलेल्या सीमा छापून आल्या, तेव्हापासून आभाळाचा प्रत्येक तुकडा कुणाच्या ना कुणाच्या हद्दीत आहे. मात्र ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषा अधिकृत नाहीत. त्या ज्याने त्याने आपल्या काढाव्यात, आणि लोकांनी त्या काढल्याही आहेत. सप्तर्षींत आपल्याकडे कुणाला सात ऋषी दिसले, तर गावाकडच्या लोकांना चार खुरांची बाज आणि तिच्यामागे लागलेले तीन चोर. तेव्हा माझ्या धोट्यालाही हरकत नसावी.

जागा निवडली ती तिमिंगल आणि यमुना या दोन समूहांच्या मधली. मार्गशीर्ष-पौषात रात्री हा भाग दक्षिणेला चांगला वर येतो, इंदूरहून जवळपास साठ अंश. मृगातल्या राजन्यापासून पश्चिमेला सरकत गेलं की यमुनेचे फिकट तारे लागतात. ताऱ्याच्या नावात सेटी म्हणजे तिमिंगलातला, एरिडानी म्हणजे यमुनेतला. पश्चिमेचं टोक टाउ सेटी (पुढे नुसतं टाउ म्हणेन तो हाच), पूर्वेचं ४० एरिडानी. वरच्या कडेला ईटा, एप्सिलॉन आणि डेल्टा एरिडानी, खालच्या कडेला टाउ-१ आणि गॅमा एरिडानी. सगळे तारे मंदच आहेत, गॅमा तेवढा तिसऱ्या प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). शहरातून पाहायला गेलात तर निम्मे दिसणार नाहीत. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच्या रेषा टाकणाऱ्यांसाठी मुख्य तिघांचे हिप्पार्कस या तारासूचीतले क्रमांक देतो : टाउ सेटी ८१०२, एप्सिलॉन १६५३७, ४० एरिडानी १९८४९.

हा भाग निवडण्याचं खरं कारण त्या आकारात नाही, खोलीत आहे. डोळ्यांना दिसणारे ठळक तारे बहुतेक लांबचे आणि राक्षसी असतात. राजन्यासारखा निळा तारा एखाद-दोन कोटी वर्षांत आटोपतो, तिथे शेवाळ धरायलाही सवड नाही. इथे मात्र सूर्याच्या जातीचे, शांतपणे जळणारे तारे अगदी आपल्या शेजारी आहेत. एप्सिलॉन साडेदहा प्रकाशवर्षांवर, टाउ सेटी बारापेक्षा जरा कमी, ४० एरिडानी सव्वासोळा. संस्कृती वसवायला याहून चांगली वस्ती नुसत्या डोळ्यांच्या टप्प्यात मला तरी सापडली नाही.

पण याच धोट्यात गॅमाही आहे, तो तांबडा राक्षसी तारा, दोनशे प्रकाशवर्षांवर. आणि डेल्टा. आकाशात डेल्टा आणि एप्सिलॉन जेमतेम अडीच अंशांवर आहेत, दुर्बिणीच्या एकाच क्षेत्रात दोघे मावतात. प्रत्यक्षात डेल्टा एकोणतीस प्रकाशवर्षांच्याही पलीकडे आहे. या जोडीतलं अंतर एकोणीस प्रकाशवर्षं, म्हणजे आपण एप्सिलॉनला जितके जवळ आहोत त्याच्या जवळजवळ दुप्पट डेल्टा त्याच्यापासून लांब. अमुक तारकासमूहात राहणारी संस्कृती असं लिहिताना आपण सगळेच हे विसरतो. समूह म्हणजे एक दिशा, तिथे वस्ती होत नाही. सप्तर्षींतले पुलह, पुलस्त्य, अत्रि, अंगिरस आणि वसिष्ठ हे पाच जण खरोखर एका कुळातले, ऐंशी प्रकाशवर्षांच्या आसपास एकत्र चाललेले, पण क्रतु आणि मरीचि तिथेही परके.

हे कागदावर कळतं, पण हाताला कळावं म्हणून या वेळी त्रिमिती सांगाडा केला. प्रमाण एका प्रकाशवर्षाला पाच सेंटिमीटर. रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात गच्चीला लागून एक खोली आहे. तिच्या आतल्या भिंतीपाशी डोळा लावायला भोक पाडलेली फळी उभी केली. तो आपला सूर्य. तिथून साडेबावन्न सेंटिमीटरवर एप्सिलॉनचा मणी, साठाला जरा कमी असताना टाउ, साडेएक्क्याऐंशीवर ४० एरिडानी, आणि डेल्टा जवळपास दीड मीटरवर. ईटाला दाराबाहेर काढावं लागलं. गॅमा तर दहा मीटरवर, गच्ची ओलांडून पाण्याच्या टाकीपलीकडे बांबूला बांधला. लांबचे मणी मोठे घ्यावे लागले, नाहीतर ते दिसतच नव्हते, आणि खऱ्या आभाळातही गॅमा तसाच आहे : लांब असून ठळक, कारण तो मुळातच अवाढव्य आहे.

भोकाला डोळा लावला की सगळे मणी एका पातळीवर येतात आणि धोटा दिसतो. मान दोन बोटं डावीकडे घेतली की एप्सिलॉन कडेवरून निसटतो. हातभर सरकलं की काहीच उरत नाही, गच्चीवर इकडेतिकडे लोंबणारे मणी फक्त.

मण्यांना जोडणारा रेशमी धागा आत्याने दिला. तिचं सासर महेश्वरचं, मागाच्या खटखटाटातच तिची तीस-चाळीस वर्षं गेली. तिने भोकातून बघितलं आणि म्हणाली, “अरे, हा एका अंगाला झुकलाय. धोटा हातातून सरळ सुटायला हवा.”

मी म्हटलं, “आत्या, तारे कसे हलवू?”

“तारे नको हलवूस. पण नुसतं लाकूड काय काढतोस? आतली कांडी कुठंय? धागा तर कांडीवर असतो.” आणि तिने टाउपासून थेट ४० एरिडानीपर्यंत एक तांबडा धागा ताणून बांधला.

त्या तांबड्या धाग्याने माझा अडलेला सगळा भाग सोडवला. टाउ ते ४० एरिडानी थेट अंतर दहा प्रकाशवर्षं. एप्सिलॉनवरून गेलं तर साडेपाच आणि सहा पूर्णांक तीन, मिळून पावणेबारापेक्षा थोडं जास्त. म्हणजे वळसा घेतला तरी पावणेदोन वर्षांचाच फरक. तेव्हा माझी माणसं (माणसं म्हणतो, कारण दुसरं काही म्हणवत नाही) प्रत्येक महत्त्वाचा निरोप दोन वाटांनी पाठवतात. थेट निरोप आधी पोचतो, क्षीण, तुटक. एप्सिलॉनवर ताजा होऊन आलेला पावणेदोन वर्षांनी पोचतो. त्या मधल्या काळात ४० एरिडानीवर पहिल्या निरोपावर कुणी काही ठरवत नाही, नुसती चर्चा करतात. त्यांच्या कायद्यात, लग्नात, शोकात सगळीकडे हा थांबा आहे. एखाद्याच्या जाण्याची बातमी आली तरी दुसरी प्रत येईपर्यंत त्याच्या नावाने जेवण वाढलं जातं. हा भाग लिहिताना मी फार रमलो आणि अजून त्यातून बाहेर आलेलो नाही.

मूळ घर टाउचं. वयाने सूर्याहून जुना, तेज सूर्याच्या निम्मं. पाणी द्रव राहील अशी कक्षा तिथे सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे सात दशांशावर पडते, म्हणजे वर्ष जवळपास २४२ दिवसांचं. २००४ साली कळलं की टाउभोवती धूमकेतू-लघुग्रहांचा मलबा आपल्यापेक्षा दहापटीहून जास्त आहे. तिथे उल्का पडणं ही नवलाई राहत नाही, म्हणून त्यांची घरं जमिनीत आणि पंचांग धूमकेतूंचं. एप्सिलॉनचं वय एक अब्ज वर्षांहूनही कमी, तिथे स्वतःची जीवसृष्टी फुलायला काळच पुरलेला नाही. ती नुसती ठाण्याची जागा, निरोप्यांची.

आता त्यांचं आभाळ. सेलेस्टिया या अवकाशात फिरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाउवर जाऊन उभं राहिलं की काय होतं, ते प्रत्येकाने एकदा बघावं. मृग जवळपास असाच! त्याचे तारे शेकडो प्रकाशवर्षांवर, त्यामुळे आपण बारा प्रकाशवर्षं बाजूला सरकलो तरी त्यांना पत्ता लागत नाही. त्रिकांड तसंच, राजन्य तसाच, कृत्तिकाही ओळखू येतात. व्याध मात्र जवळचा, तो जागा सोडून गेलेला असतो. आणि धोटा नाहीच. धोट्यात राहणाऱ्यांनी धोटा कधी पाहिलेला नाही, तो फक्त सूर्याजवळून दिसतो. त्यांच्याकडे त्या जागी आपण आहोत : स्वातीपासून सहा अंशांवर एक पिवळसर तारा, अडीच प्रतीहून थोडा मंद. माझ्या रचनेत त्यांच्या एका समूहाचा तो कोपऱ्यातला तारा आहे. म्हणजे दोन शेजारी एकमेकांच्या चित्रात आहेत, पण एकाचं चित्र दुसऱ्याला दिसत नाही, आणि दोघांना मिळून दिसतो तो मृग. पुढे कधी भेट झालीच तर बोलायला सुरुवात मृगापासून होईल, असं मी आता पक्कं धरलंय.

एक अट मी स्वतःवर घालून घेतली आहे : झालेल्या निरीक्षणाला धक्का लावायचा नाही. १९६० साली फ्रँक ड्रेक या अमेरिकी खगोलज्ञाने परक्या संस्कृतींचे संदेश शोधायला ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीतून नेमके टाउ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी हेच दोघे ऐकले, १४२० मेगाहर्ट्झवर, आणि काही आलं नाही. त्या वेळी टाउकडून इथे पोचलं असतं ते १९४८ च्या आसपास निघालेलं. तेव्हा १९४८ साली माझी माणसं आपल्या दिशेने त्या लहरीवर बोलत नव्हती, हे कथेत बसलंच पाहिजे. बसतं. त्यांचे निरोप प्रकाशाच्या अरुंद झोतात जातात, आणि टाउवरून पाहिलं तर एप्सिलॉनची दिशा आणि आपली दिशा यांत साठ अंशांहून जास्त कोन आहे. आपल्यावर काही सांडत नाही.

अमावास्येच्या सुमारास जानापावला गेलो होतो. चंबळ जिथे उगम पावते तो डोंगर, महूच्या पुढे. इंदूरचा उजेड ईशान्येला राहतो आणि दक्षिण बरीच काळी मिळते. सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण लावून ४० एरिडानी शोधला. नारिंगी मुख्य तारा लगेच आला. त्याच्यापासून सुटा, साडेनवाव्या प्रतीचा एक ठिपका, पांढरा, अगदी टोकदार. तो श्वेत बटू. आकाशातला हौशी दुर्बिणीतून सर्वांत सहज दिसणारा श्वेत बटू हाच. हर्शेलने ही जोडी १७८३ साली टिपली होती. सोबतच्या दादाला दाखवलं, तो म्हणाला, “हा मेलेला तारा ना?” मेलेलाच. कधीकाळी तो ४० एरिडानीच्या तीन ताऱ्यांतला सर्वांत मोठा होता, फुगला, आपलं अंग उधळून बसला. म्हणून माझ्या कथेत ४० एरिडानीवर मूळचं कुणी नाही, तिथले सगळे टाउहून आलेले, आणि कुठलाही खड्डा खणला की भाजलेला थर लागतो. त्या श्वेत बटूचं मुख्य ताऱ्यापासूनचं अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या चारशेपट धरून हिशेब केला. तिथल्या रात्री तो आपल्या शुक्राहून दहापटींपेक्षा जास्त तेजस्वी दिसेल. त्याच्या उजेडात सावली पडेल.

आता हातात दोन कामं आहेत. एक म्हणजे २४२ दिवसांचं पंचांग. त्यात मोठ्या धूमकेतूंचे आवर्तकाळ एकमेकांत बसवायचेत, आणि हे गणित चांगलं येणारं कुणी सोबत आलं तर फार बरं होईल. दुसरं, सांगाड्यात सूर्याच्या भोकासारखंच एक भोक टाउच्या मण्यापाशी करायचंय, म्हणजे त्यांच्या बाजूने बघता येईल. स्वातीचा मणी या प्रमाणात भोकाच्या फळीमागे पावणेदोन मीटरहून जास्त अंतरावर जातो आणि तिथे भिंत आहे. आत्या म्हणते, पलीकडच्या खोलीत मणी टांग आणि भिंतीला खिळ्याएवढं भोक पाड. बाबांना अजून विचारलेलं नाही.