वाचन-नोंद: ‘डेअर फोरलेझर’, दुसरी फेरी

जर्मनची बी१ ही मधली पातळी झाल्यावर पहिली जर्मन कादंबरी कोणती घेऊ, असं कुणी विचारलं की मी आता हेच नाव सांगते. बेर्नहार्ड श्लिंक यांची ‘डेअर फोरलेझर’, १९९५ ची. दोनशेच्या आसपास पानं, प्रकरणं छोटी, वाक्यं आखूड. पहिल्याच वाक्यात पंधरा वर्षांच्या मिशाएलला ‘गेल्बझुख्ट’ झालेली असते. ‘गेल्ब’ म्हणजे पिवळा एवढं ठाऊक असलं की कावीळ आपोआप कळते.

शीर्षकावर मात्र मी बराच वेळ रेंगाळले. ‘लेझन’ म्हणजे वाचणं, ‘फोरलेझन’ म्हणजे दुसऱ्याला वाचून दाखवणं. इंग्रजी भाषांतराच्या नावात नुसता ‘रीडर’ उरला. आपल्याकडे ‘वाचून दाखवणे’ तयारच आहे, आणि सगळी गोष्ट त्या ‘दाखवणे’तच आहे.

रस्त्यात उलटी झालेल्या मिशाएलला हान्ना सावरते, बादलीभर पाणी ओतून फरशी धुते. ती ट्राममध्ये कंडक्टर, वय ३६. पुढे दोघं जवळ येतात, आणि तो शाळेतली पुस्तकं, लेसिंग, शिलर यांची नाटकं, तिला वाचून दाखवू लागतो. एक दिवस ती गाव सोडून जाते. काही वर्षांनी, तो कायदा शिकत असताना, ती त्याला कोर्टात दिसते, नाझी छळछावणीतली पहारेकरीण म्हणून आरोपींच्या बाकावर.

हा दुसरा भाग जड गेला. ‘आंक्लागे’ म्हणजे आरोप, ‘उर्टाइल’ म्हणजे निकाल. पानामागे दहा-बारा शब्द अडले. फ्रँकफुर्टला चाललेल्या आउश्वित्स छळछावणीच्या खटल्याबद्दल (१९६३–६५) आधी थोडं वाचून घ्या. आईवडिलांची पिढी नाझी काळात काय करत होती, हे विचारणारी मुलं त्याच सुमारास मोठी झाली, आणि मिशाएल त्यांच्यातलाच. श्लिंक स्वतः कायद्याचे प्राध्यापक होते. कोर्टाच्या प्रसंगांत एक शब्द जास्तीचा नाही.

हान्नाचं गुपित इथे फोडत नाही. पण सायकल-सहलीत मिशाएल पहाटे चिठ्ठी ठेवून न्याहारी आणायला जातो, ते प्रकरण दोनदा वाचा. पहिल्या फेरीत मी ते भराभर ओलांडलं होतं. या वेळी तिथे पुस्तक मिटून बसले.

सध्या रोज रात्री आईला एक प्रकरण मराठीत सांगत वाचून दाखवते. काल चिठ्ठीपर्यंत आलो. आई म्हणाली, “चिठ्ठी तर ठेवली होती ना गं त्यानं? मग एवढी का चिडली ती?”

मी काही बोलले नाही.