दुधाळ ऑइल, आणि दुसऱ्याच दिवशी थांबलेली सफर

सफर तीन दिवसांची ठरली होती. दुसऱ्या सकाळी निघण्याआधी इंजिनवरच्या, आतलं ऑइल दाखवणाऱ्या काचेत डोकावलो आणि पोटात गोळा आला. ऑइल करडं, दुधाळ. माझी मोटरसायकल पंचवीस वर्षांची, इंजिन रेडिएटरवालं.

आदला दिवस गारठ्यात, थांबत थांबत गेला होता, म्हणून आधी वाटलं की बाष्प असेल. पण बाष्पाचा फेस फिलर कॅपच्या (ऑइल भरायच्या झाकणाच्या) आत आणि काचेच्या वरच्या कडेला धरतो, इंजिन नीट तापवून तासभर पळवलं की जातो. इथे काच पूर्ण दुधाळ होती आणि कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या, रेडिएटरमधल्या पाण्याच्या) छोट्या टाकीतली पातळी खुणेखाली गेलेली. ही दोन्ही एकदम दिसली, तर स्टार्टर दाबू नका.

मी इंजिन सुरू न करता ऑइल काढायचा तळाचा ड्रेन बोल्ट अगदी हळू सैल केला. कूलंट ऑइलपेक्षा जड, त्यामुळे उभ्या गाडीत ते रात्रीतून तळाला बसतं. आधी हिरवं पाणीच आलं, मागून ऑइल. शंका फिटली. (ते पाणी भांड्यात धरा, जमिनीवर सोडू नका. चवीला गोड असल्याने जनावरं चाटतात आणि मरतात.)

आता ते शिरलं कुठून? सगळे लगेच हेड गॅस्केटचं, म्हणजे सिलिंडर आणि त्यावरच्या हेडमधल्या पट्टीचं, नाव घेतात. पण माझ्या गाडीला गोडसर वासाचा पांढरा धूर नव्हता, आदल्या सकाळी रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते, दोन्ही स्पार्क प्लग सारखेच काळपट होते. गॅस्केट गेलं की बहुधा एक प्लग धुतल्यासारखा निघतो. मग वॉटर पंपाखालचं बारीक भोक पाहिलं. पंपाला दोन सील असतात, एक पाण्याचं, एक ऑइलचं, आणि भोक त्यांच्या मधे. तिथून कूलंट ठिबकलं तर पाण्याचं सील गेलं, ऑइल ठिबकलं तर ऑइलचं. माझं भोक चिखलाने बुजलेलं. वाट न मिळाल्याने कूलंट दुसऱ्या सीलमधून आत घुसलं होतं. तारेने भोक मोकळं करताच थेंब पडू लागले.

गाडी टेम्पोत घालून परत आणली. कूलंटमधलं ग्लायकॉल इंजिनची बेअरिंग खातं, आणि मोटरसायकलचा क्लचही बहुधा त्याच ऑइलमध्ये भिजतो. दोन्ही सील बदलली, फिल्टर बदलला, स्वस्त ऑइल भरून पाच मिनिटं चालवून काढलं, मग पुन्हा नवं. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीच उघडू नका. निघण्याआधी ते भोक मात्र तारेने तपासाच.

पाचशे किलोमीटरनंतर काच स्वच्छ आहे, टाकी खुणेवर.