‘चावणार नाही ना?’

नाशिकमध्ये माझा दवाखाना मुख्यतः कुत्र्या-मांजरांचा आहे. त्याच्या जोडीने वनविभागाने जप्त केलेले किंवा जखमी अवस्थेत आणलेले सरपटणारे प्राणी मी तपासतो. या कामाचा निम्मा भाग कागदांचा असतो, हे बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. वजन, लांबी, लिंग, प्रत्येक जखमेची जागा आणि मुख्य म्हणजे तिचे अंदाजे वय, हे सगळे लेखी द्यावे लागते. कारण ही जखम जप्तीच्या आधीची कशावरून, हा प्रश्न आरोपीचा वकील हमखास विचारतो. प्राणी काही सांगू शकत नाही आणि तो ज्याच्या ताब्यात होता तो खरे सांगत नाही. त्यामुळे रुग्णाचा पूर्वेतिहास हा आमच्या कागदावरचा बहुधा रिकामा राहणारा रकाना असतो. गेल्या श्रावणात आलेल्या एका अजगर मादीच्या बाबतीत तो रकाना भरला गेला. तो ज्या पद्धतीने भरला गेला, ती गोष्ट अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

श्रावणातल्या शनिवार-रविवारी त्र्यंबकेश्वर, अंजनेरी आणि पहिने या पट्ट्यात किती गर्दी लोटते, हे नाशिककरांना सांगण्याची गरज नाही. धबधबा, भाजलेली कणसे, चहा आणि फोटो असा तो कार्यक्रम असतो. पहिने परिसरात रस्त्याकडेला एक माणूस टोपली घेऊन बसला होता आणि शंभर रुपयांत अजगर गळ्यात घालून फोटो काढू देत होता. डोक्याला फेटा नाही, हातात पुंगी नाही; अंगात ट्रॅकपँट, गळ्यात सर्पमित्र असल्याचे कसलेसे ओळखपत्र आणि टोपलीच्या झाकणावर पैसे घेण्यासाठी चिकटवलेला क्यूआर कोड. अशी ओळखपत्रे किती सहज छापून मिळतात, हा एक वेगळाच विषय आहे. शिवाय आमच्याकडचे काही खरे सर्पमित्रही पकडलेला नाग सोडण्याआधी हातात नाचवून चित्रफिती टाकतात. मग खोट्याने त्यांचे अनुकरण केले तर तक्रार कोणत्या तोंडाने करायची, असे मला नेहमी वाटते.

वनविभागाने त्याच्याकडून जप्त करून आणलेली मादी सुमारे सात फुटांची होती आणि वजन जेमतेम सव्वातीन किलो भरले. पाठीचा कणा वरून हाताला लागत होता, मागच्या वेळची कात डोळ्यांवर आणि मानेवर तुकड्यातुकड्यांनी चिकटून राहिली होती आणि खवल्यांच्या कडेला गोचिड्या होत्या. तोंड मासेमारीच्या नायलॉन तंगुसाने शिवलेले होते. दोन्ही बाजूंना टाके घातले होते आणि पुढे जीभ बाहेर येण्यापुरती फट ठेवली होती. जीभ लवलवली नाही तर साप मेलेला वाटतो आणि मेलेल्या सापासोबत फोटो काढायला कोणी पैसे देत नाही. शिवणाऱ्याला एवढे कळत होते.

अशा प्राण्याला लगेच भूल देता येत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शरीराचे तापमान बाहेरच्या तापमानावर ठरते आणि थंड शरीरात औषध कसे वागेल याचा भरवसा नसतो. म्हणून तिला आधी तीस-बत्तीस अंशांवर ऊब दिली, त्वचेखाली सलाइन दिले आणि दुसऱ्या दिवशी शेपटीच्या खालच्या शिरेतून प्रोपोफॉल हे भुलेचे औषध दिले. एरवी सापाच्या श्वासनळीत नळी घालणे हे आमच्या कामातले सोपे काम असते, कारण तिचे तोंड जबड्याच्या तळाशी अगदी पुढे, डोळ्यांना दिसेल असे असते. पण इथे जबडाच उघडत नव्हता. भूल लागली की साप श्वास घेणे थांबवतो, म्हणजे टाके कापण्याचा वेग आणि भुलेची खोली यांचा मेळ घालणे भाग होते. पुढचे दोन टाके कापून फटीतून नळी आत सरकवली, मदतनिसाने मिनिटाला चार-पाच वेळा फुगा दाबून श्वास देणे सुरू केले आणि मग उरलेले टाके मी निवांतपणे काढले. सापांचा पू वाहत नाही, तो पनीरासारखा घट्ट साचतो. हिरड्यांच्या कडेने साचलेला तो थर चिमट्याने सोलून काढण्यात माझा सर्वांत जास्त वेळ गेला. त्यानंतर दर बहात्तर तासांनी प्रतिजैविकाचे इंजेक्शन, तेही शरीराच्या पुढच्या निम्म्या भागात. कारण मागच्या भागातले रक्त आधी मूत्रपिंडातून जाण्याची आणि औषध अंगभर पोचण्याआधीच बाहेर पडण्याची शक्यता असते.

टाके काढल्यावर दोन गोष्टी दिसल्या. पहिली अशी की ताज्या छिद्रांच्या शेजारी जुनी, बुजलेली, पांढरट वणांची छिद्रे होती. म्हणजे तोंड एकदा नव्हे, किमान दोनदा शिवले गेले होते. दुसरी अधिक गंभीर होती. अजगराच्या ओठांवरच्या काही खवल्यांत खाचा असतात आणि त्यांतून त्याला उष्ण रक्ताच्या भक्ष्याची ऊब जाणवते. अंधारात शिकार करणाऱ्या प्राण्यासाठी हे जवळजवळ दुसरे डोळेच. सुई त्यांपैकी काही खाचांतून आरपार गेली होती.

त्या माणसाने पंचनाम्याच्या वेळी सांगितले की अजगर कालच एका शेतात सापडला आणि तो सोडायलाच निघालो होतो. हे उत्तर इतके ठरीव आहे की वनरक्षकाने ते तो बोलण्याआधीच लिहायला घेतले असावे. नंतर चहा घेताना मात्र तो अजगरवाला वेगळे बोलला. त्याचे वाक्य मी जवळजवळ जसेच्या तसे देतो: “साहेब, मला कशाला शिवायची हौस? तोंड मोकळं असलं की माणसं लांबून बघतात आणि निघून जातात. बांधलंय म्हटलं की लेकराच्या गळ्यात घालू देतात.”

अजगर बिनविषारी आहे. त्याचे आत वळलेले दात ओरबाडून रक्त काढतील, पण त्याने माणूस मरणार नाही. हे ग्राहकाला पटवत बसण्यापेक्षा तोंड शिवणे सोपे. शिवल्यावर खायला घालता येत नाही, हीही अडचण ठरत नाही, कारण अजगर महिनोन्‌महिने उपाशी राहूनही जिवंत दिसतो. निसर्गाने दिलेली ही चिवट सहनशक्ती या धंद्याला नफ्याची ठरते.

पूर्वेतिहासाचा रकाना भरला तो पर्यटकांच्या फोटोंनी. वनरक्षक तरुण होता आणि मोबाईलमध्ये तरबेज होता. त्र्यंबक परिसराच्या नावाने समाजमाध्यमांवर टाकलेले फोटो त्याने चाळले आणि तीच अजगर त्याला वेगवेगळ्या अनोळखी गळ्यांत सापडत गेली. अजगराच्या अंगावरचे डाग प्रत्येकात वेगळे असतात, त्यामुळे ओळख पटवणे अवघड गेले नाही. मार्चच्या फोटोत अंग भरलेले आणि तोंड मोकळे, पण माणसाची मूठ डोक्यामागे आवळलेली. पुढे तोंड शिवलेले. मग काही फोटोंत एका बाजूचा टाका सुटलेला आणि ओठ सुजलेला. शेवटी आमच्याकडे आली ती हाडकुळी अवस्था. इतका सलग केसपेपर मला पाळीव प्राण्यांचाही क्वचित मिळतो. प्रत्येक नोंदीत कोणीतरी हसत होते.

याच सुमारास माझ्याकडे लॅब्रॅडॉर आणणाऱ्या एका ताईंशी या केसबद्दल बोलणे झाले आणि त्यांनी सहज मोबाईल पुढे केला. मे महिन्याच्या सुटीत त्र्यंबकला गेलो होतो, म्हणाल्या. त्यांचा सात वर्षांचा मुलगा आणि त्याच्या खांद्यावर तीच मादी. फोटो मोठा करून पाहिला तर ओठाच्या कोपऱ्यात तंगुसाची गाठ स्पष्ट दिसत होती. या ताई कुत्र्याच्या खुब्याच्या तक्रारीसाठी क्ष-किरण काढायला एका शब्दाने पैशांची कुरकुर न करणाऱ्या आहेत. रस्त्यावरच्या मांजरींच्या नसबंदीचा खर्चही त्यांनी दिलेला आहे. “आम्ही आधी नीट विचारलं होतं,” त्या म्हणाल्या, “चावणार नाही ना म्हणून. तो म्हणाला, तोंड बंद केलंय.” कसे बंद केले आहे, हे त्यांनी विचारले नव्हते. त्यांच्या जागी असलेल्या कोणत्याही आईने पहिला प्रश्न हाच विचारला असता, आणि त्या माणसाच्या सुईला कामाला लावणारा प्रश्नही हाच आहे.

हे नाशिकपुरते नाही. थायलंडच्या सहलीवरून आलेली मंडळी दवाखान्यात बसून वाघासोबतचे फोटो एकमेकांना दाखवतात, तेव्हा मी बहुधा गप्प बसतो. कांचनबुरीच्या ज्या व्याघ्रमंदिरात पर्यटक पैसे देऊन वाघांना गोंजारत होते, तिथून २०१६ मध्ये १३७ वाघ हलवले गेले आणि शीतपेटीत ४० बछड्यांची कलेवरे सापडली. फुकेतच्या रस्त्यांवर रात्री हातावर बसवला जाणारा स्लो लोरिस हा माकडांच्या जवळच्या कुळातला छोटा, विषारी दंश करणारा प्राणी आहे, म्हणून त्याचे दात कापतात. हात वर केले की तो गोड दिसतो, प्रत्यक्षात कोपराजवळची विषग्रंथी तोंडाजवळ आणण्याची ती बचावाची हालचाल असते. तिथेही गिऱ्हाईक आधी तेच विचारत असणार.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अजगर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. त्याला पकडणे हीच शिकार ठरते आणि शिक्षा किमान तीन ते कमाल सात वर्षे, दंड २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार रुपये. कागदावर हे भक्कम आहे. पैसे देऊन फोटो काढणारा मात्र या प्रकरणांत आरोपी झालेला मी पाहिलेला नाही. तो फार तर साक्षीदार होऊ शकतो, आणि तेवढेही व्हायला कोणी तयार नसते. समाजमाध्यमावरून उतरवून घेतलेला फोटो न्यायालयात तसाच चालत नाही, मूळ उपकरण किंवा प्रतीसोबतचे प्रमाणपत्र लागते. वनपालांनी फोटो टाकणाऱ्या काहींना संदेश पाठवले. त्यानंतर बहुतेकांनी फोटो काढून टाकले. ताईंनी आनंदाने फोटो पाठवला होता, पण जबाबाचे नाव निघताच त्यांच्या यजमानांचा मला फोन आला. अत्यंत सौजन्याने ते म्हणाले की मुलाचा चेहरा आहे, कोर्टाच्या फेऱ्या नकोत, आणि डॉक्टर, तुमचा अहवाल आहेच की.

माझ्या अहवालात वणांच्या वयाचा अंदाज आहे. अंदाजाला उलटतपासणीत किती किंमत असते, हे मी अनुभवलेले आहे.

मादीची जखम भरली आहे आणि ती आता खाते. सोडण्याआधी तिला अंधारात, गरम केलेल्या आणि थंड ठेवलेल्या मेलेल्या उंदरांपैकी कोणता जाणवतो हे पाहायचे आहे, आणि त्याचा निष्कर्ष चांगला निघाला तरी न्यायालयाची परवानगी लागेलच. ताईंच्या लॅब्रॅडॉरची वार्षिक लस पुढच्या आठवड्यात आहे. ताई आणि त्यांचे यजमान दोघेही येतील असे दिसते. आरोपपत्र दाखल होईपर्यंत जबाब घेता येईल असे वनपाल म्हणाले आहेत. मुलाचा चेहरा झाकून फोटो जोडता येईल का, हे मी त्यांना विचारून ठेवले आहे.