आमची वाटचाल : चालू नळ तपासण्याचा व्यवसाय

माझे वडील पुण्याच्या पेठांमध्ये नळकाम करीत असत. लोखंडी पाइपांवर हाताने आटे पाडायचे, त्यांवर ताग गुंडाळून सफेदा लावायचा आणि मगच सांधा आवळायचा, अशी त्या काळची रीत होती. वाड्यांतले पाइप भिंतींच्या बाहेरून गेलेले असल्यामुळे गळती लागली की ती सर्वांना दिसे आणि संध्याकाळच्या आत वडिलांना निरोप येई. मी या व्यवसायात आलो तोवर वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या होत्या, पाइप टाइल्सच्या मागे गेले होते आणि गळतीची पहिली बातमी खालच्या मजल्यावरच्या छताला धरलेल्या ओलीतून मिळू लागली होती. सुरुवातीची बरीच वर्षे आम्ही अशा बिघाडांवरच जगलो, आणि खरे सांगायचे तर बरे जगलो, कारण घरात पाणी साचलेले असताना कोणी भाव करीत बसत नाही.

बिघाड झाल्यावरच धावायचे, हा विचार बदलला तो माझ्याच चुकीमुळे. कोथरूडमधील एका स्नानगृहाचे काम करताना सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपाच्या पितळी आट्याच्या जोडणीत मी नळ बसवला. हात लोखंडाला सरावलेला असल्याने पाना गरजेपेक्षा जास्त आवळला गेला आणि जोडणीला केसाएवढी चीर पडली. टाइल्स लावणारे गवंडी खोळंबले होते, म्हणून पाण्याचा दाब देऊन लाइन तपासण्याचेही मी टाळले. तीन महिन्यांनी खालच्या बिऱ्हाडाच्या छताला पोपडे आले. टाइल्स फोडणे, नवी लाइन, खालचे प्लास्टर आणि रंग, हा सगळा खर्च मी सोसला. मूळ कामाच्या मजुरीच्या तो कितीतरी पट होता. तेव्हापासून हातपंपाने लाइनमध्ये दाब भरून २४ तास दाबमापकाचा काटा खाली येत नाही हे पाहिल्याखेरीज आम्ही भिंत बुजवू देत नाही. शिवाय उघड्या भिंतीवर मोजपट्टी धरून छायाचित्रे काढून घरमालकाला देतो, म्हणजे पुढे आरशासाठी भोक पाडताना ड्रिल पाइपात शिरत नाही.

त्यानंतर आम्ही वार्षिक देखभालीचे काम घेऊ लागलो, पण काहीच बिघडलेले नसताना पैसे देण्यास कोणी सहज तयार होईना. एका सोसायटीतील काकूंनी मला दारातच विचारले, "सगळं तर नीट चाललंय, मग तुम्ही बघणार काय?" मी त्यांना बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून नळाकडे येणारे पाणी बंद करण्याचा छोटा कॉक, बंद करून दाखवण्याची विनंती केली. तो हलेना. मी पान्याने अलगद जोर दिला, तेव्हा दांडा फिरला, पण पाणी थांबले नाही. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यातील क्षार वर्षानुवर्षे साचून तो आतून जाम झाला होता. नळाला जोडलेल्या जाळीच्या पाइपावर गंज चढलेला होताच. तो रात्री फुटला असता, तर गच्चीवरचा व्हॉल्व्ह सापडेपर्यंत पाणी दिवाणखान्यात पोहोचले असते. काकूंनी त्याच दिवशी घरातले पाचही कॉक बदलून घेतले, आणि आमच्या तपासणीचा आरंभ आजही तिथूनच होतो: प्रत्येक कॉक पूर्ण बंद करायचा, पुन्हा उघडायचा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी हे स्वतः करीत जा असे घरच्यांना सांगायचे.

फ्लशच्या टाकीत आम्ही कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाकतो आणि पंधरा मिनिटे फ्लश वापरू देत नाही. भांड्यातील पाणी निळसर झाले की टाकीतला रबरी वॉशर गेला असे समजावे. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते म्हणून तिथे बूच मारलेले मी अनेक घरांत पाहिले आहे. याइतकी धोक्याची बचत दुसरी नाही, कारण आतला वाढलेला दाब सोडण्यासाठीच तो व्हॉल्व्ह असतो. मात्र माझा खरा राग ॲसिडवर आहे. फरशी चकचकीत व्हावी म्हणून दर आठवड्याला ॲसिड ओतले जाते, ते टाइल्समधील सिमेंटचा भराव खाते आणि न्हाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या, कडेने पाणी स्लॅबमध्ये उतरू लागते. अशा घरात पाइप शाबूत असूनही खाली ओल येते, आणि भांडण मात्र प्लंबरशी होते. वेळीच सांधे भरून घेतले तर एका दिवसात होणारे हे काम, दुर्लक्ष केल्यास संपूर्ण फरशी उखडण्यापर्यंत जाते.

खर्च कोणी करायचा, यावरून वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडांत अबोला धरल्याची उदाहरणे आमच्याकडे बरीच आहेत. सर्वसाधारणपणे इमारतीच्या सामाईक पाइपांची दुरुस्ती गृहनिर्माण संस्थेने करायची आणि सदनिकेतल्या स्वच्छतागृहाची त्या सभासदाने, असे संस्थेचे उपविधी, म्हणजे तिच्या कारभाराचे नियम, सांगतात; पण पाणी नेमके कुठून येते हे आधी ठरावे लागते. त्यासाठी आम्ही एकेक लाइन बंद ठेवून ओलीची कड पेन्सिलीने आखून ठेवतो आणि काही दिवसांनी पुन्हा पाहतो.

सध्या जुन्या इमारतींच्या डक्टमधील, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतील, बिडाचे पाइप हे आमचे मोठे काम झाले आहे. त्यांच्या सांध्यांत पिंपळ रुजतो, मुळे आत शिरतात आणि मैला तुंबतो. रोप बोटभर असताना मुळासकट काढता येते. हाताएवढे जाड झाले की पाइपच उतरवावा लागतो. म्हणून दर मे महिन्यात, पावसाच्या आधी, आमची दोन मुले दोरी बांधून डक्टमध्ये उतरतात.